पुढच्या तारा कोणी धरायच्या

नांदेड, २९ ऑगस्ट २०११

सौ. मालविका हिस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू लगेच रडायला लागतेस आणि माझा मुद्दा तसाच राहतो. पत्र वाचताना रडायचं तर खुशाल रड. माझं वाक्य तरी पूर्ण झालेलं असेल.

आमचे हे परवा लग्नासाठी लातूरला आले होते, तुमच्याकडेच उतरले होते. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "आपली मृण्मयी लई मोठी झाली बघ. दोन मजल्यांएवढी." मला वाटलं, लग्नातलं जेवण बाधलं. मग त्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवला. तुमच्या क्लासच्या इमारतीवर फ्लेक्स. त्यावर हेल्मेट घातलेली माझी मुलगी, मागे तिचा तो पंख, कोपऱ्यात हात जोडलेले तुझे रेणुकादास सर, आणि खाली अक्षरं: 'आमच्याच क्लासची आकाशकन्या. आंतरराष्ट्रीय हँग ग्लायडिंग स्पर्धेत भारताची निवड. अकरावी-बारावीचे प्रवेश सुरू.'

निवड भारताची झालेली नाही, मृण्मयीची झाली आहे. पण तुझा नवरा फिजिक्स शिकवतो, मराठी नाही, म्हणून सोडून देते.

लातुरात एकाच टॉपरच्या फोटोवर चार क्लासवाले हक्क सांगतात हे मला ठाऊक आहे. एखादा पोरगा नुसता एक टेस्ट द्यायला आला तरी त्याला फ्लेक्सवर चढवतात. पण हँग ग्लायडिंगची बॅच तुम्ही कधी काढली होती? मृण्मयी बारावीपर्यंत दोन वर्षं तुमच्याकडे राहिली, जेवली, क्लासला बसली, मान्य. निकाल लागला तेव्हा तिचे मार्क मेडिकलला पुरले नाहीत. त्या वर्षी तिचा फोटो तुमच्या जिन्यातसुद्धा नव्हता. मी मुद्दाम पाहिला होता.

आता ती वर्तमानपत्रातली तुझी मुलाखत. 'मावशी सांगतात, भूकंपाच्या त्या पहाटे पायाखालची जमीन हलली आणि चिमुकल्या मृण्मयीचा जमिनीवरचा विश्वासच उडाला. त्याच दिवशी तिने आकाश निवडले.' मथळा: भूकंपकन्या.

मालविका, त्या पहाटे मृण्मयी नांदेडला होती, माझ्या घरात. मांडणीवरची भांडी वाजली. ती उठली, कोण आलंय असं विचारलं, पाणी प्यायली आणि परत झोपली. जमिनीवरच्या विश्वासाला काही झालेलं नव्हतं. किल्लारीकडची माणसं आदल्या दिवशी गणपती बुडवून झोपली ती उठलीच नाहीत. त्यांच्या नावावर असली वाक्यं रचू नयेत, आणि त्याच्या शेजारी प्रवेश सुरू असं तर मुळीच छापू नये. फ्लेक्स उतरव.

दुसरं. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये हिमाचलात आहे, जोतधार नावाच्या डोंगरावर. बारा देशांचे लोक यायचे आहेत. तुला त्यातलं काही कळत नसेल म्हणून सांगते. कापडाचा मोठा तिकोनी पंख असतो. त्याच्या मधोमध एक पट्टा लोंबतो, आणि उडणारी मुलगी आपल्या अंगावरच्या झोळीसकट त्या पट्ट्याला एका कडीनं अडकलेली असते. खाली धरायला आडवी दांडी. डोंगराच्या कडेवरून पळत सुटायचं आणि मग पोटावर आडवं होऊन तरंगायचं. पळण्याआधी पंख वाऱ्यानं उलटू नये म्हणून एक माणूस अगदी समोर उभं राहून पुढच्या तारा धरतं. दोघांचे चेहरे समोरासमोर. निघण्यापूर्वी तिला दिसणारं शेवटचं माणूस ते.

हे माणूस प्रत्येकानं आपलं आपण आणायचं असतं. मृण्मयीनं अजून नाव सांगितलेलं नाही, पण त्यात सांगण्यासारखं आहेच काय? मी रेल्वेतून निवृत्त आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि परदेशी लोकांशी नीट इंग्रजीत बोलू शकते. पिस्ता रंगाचा स्वेटर विणायला घेतला आहे.

आशीर्वाद आहेतच.

सौदामिनी


नांदेड, १२ सप्टेंबर २०११

मालविका,

तुझं पत्र काल आलं, गणपती बोळवून आल्यावर वाचलं. अक्षर पसरलेलं होतं, म्हणजे लिहितानाही रडली होतीस. फ्लेक्स सरांनी लावला, तुला न विचारता लावला, आणि मुलाखतीत तू बोललीस एक आणि त्यांनी छापलं दुसरं. ठीक आहे. पण खरी गोष्ट तू शेवटच्या ओळीत टाकलीस, ताट उचलताना चमचा पडल्यासारखी. 'अक्का, रागावू नकोस, मृण्मयीनं तारा धरायला मला बोलावलंय.'

मी रागावलेली नाही. मी फक्त मृण्मयीला फोन लावला.

ती म्हणाली, "आई, मी सांगणारच होते."

"कधी? उतरल्यावर?"

"तू समोर उभी राहिलीस ना, की मला पेपर लिहायला बसल्यासारखं होतं. तू काही बोलत नाहीस, नुसती बघतेस. मग माझं काय चुकलंय ते मीच शोधत बसते."

"आणि मावशी?"

"माई बडबडत राहते. शेंगांची चटणी, शेजारणीची सून, काहीही. माझं डोकं रिकामं होतं."

रिकामं डोकं हा गुण असतो हे मला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी शिकवलं नव्हतं.

आणि हे 'माई' काय आहे? आपल्याकडे माई कुणी नव्हतं. तू तिची मावशी. त्या शब्दात आई कुठे बसत नाही, म्हणून तू तो शब्द बाजूला ठेवलास आणि ज्यात आई आहे असा एक शोधून तिच्या तोंडात घातलास. बारावीला तुझ्याकडे होती तेव्हा सुट्टीत घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातून मला हाक मारताना 'माई' म्हणून गेली. जीभ चावली आणि मग 'आई' म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पोळी लाटत होते.

तू म्हणशील, हे त्या दोन वर्षांचं आहे. नाही. त्याच्या कितीतरी आधीचं आहे. भूकंपानंतर तू तुझ्या लहानग्या आलोकला कडेवर घेऊन आमच्याकडे आलीस. लातूरचं अख्खं गाव मैदानात झोपत होतं, तुझी भीती साहजिक होती. पण नांदेडलाही तू छताखाली यायला तयार नव्हतीस. मी रेल्वेच्या इंजिनिअरला आणून भिंती दाखवल्या. तो म्हणाला, घराला काही झालेलं नाही, निर्धास्त आत झोपा. तू अंगणातच अंथरूण घातलंस. आणि मग माझी आठ वर्षांची पोर उशी काखेत मारून निघाली. "मावशीला भीती वाटते, मी सोबत जाते." चांगली थंडी पडेपर्यंत मी आत पलंगावर आणि बाहेर तुमची कुजबुज. मी खिडकी लावून घेत असे. अंगणात डास फार होते.

हे सगळं मी ह्यांना म्हटलं. हणमंतराव भोकरचे, त्यांना सगळ्याला शेतातलीच उपमा सुचते. म्हणाले, "बहिणी-बहिणी पोरगी वाटून घेऊन राहिलात का, ज्वारीसारखी? मापून घ्या मग." आणि पेपर तोंडापुढे धरला.

पंचवीस तारखेला कामशेतच्या टेकडीवर मृण्मयीचा सराव आहे आणि तिथे ती तुला तारा धरायला शिकवणार आहे, असं कळलं. आम्ही दोघं येत आहोत. आम्हाला बोलावलेलं नाही याची मला कल्पना आहे. टेकडी कुणाच्या सातबाऱ्यावर नसावी.

सौदामिनी


नांदेड, २७ सप्टेंबर २०११

मालविका,

परवा टेकडीवर तू होतीसच, तरी घडलं ते सगळं लिहून काढते. कारण तू लातूरला जाऊन काय सांगशील ते मला पाठ आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तू पंखासमोर उभी राहून तारा धरायला शिकत होतीस. साडीवर माझ्या मुलीचं जॅकेट. शिकवत होता मुज्तबा, मृण्मयीचा शिक्षक. तो आपल्या नांदेडच्या इतवाऱ्यातला, मी त्याच्या आईला ओळखते. तो मला मॅडम म्हणाला आणि तुला मौसी. असो.

"मौसी, हात ढिले सोडा. ओढायचं नाही, थोपवायचं नाही. वारा काय म्हणतो ते हाताला कळू द्या."

"कळतंय रे बाबा. आमच्या वाळवणाच्या साड्या याहून जास्त ओढतात."

सगळे हसले. मृण्मयी सर्वांत मोठ्यानं हसली. मी तिला विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "हो आई," आणि लगेच झोळीचे पट्टे तपासायला लागली. जे आधीच तपासून झाले होते.

मग तिनं कडी अडकवली आणि पंखाखाली आडवी झाली. उडण्याआधी असं लोंबकळून पाहावंच लागतं, कडी लागली आहे ना, पट्टा बरोबर आहे ना. तू समोर तारा धरून उभी, ती जमिनीच्या वीतभर वर आडवी. मुज्तबानं खाली वाकून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं.

आणि तू पिशवीतून डबा काढलास. दह्याचा.

"थांब गं, दही राहिलं. पितरांचे दिवस आहेत, तशी नको जाऊस."

मुज्तबा म्हणाला, "मौसी, नंतर द्या."

"नंतर कसं रे? निघताना देतात. आल्यावर देतात ती कढी."

पुन्हा सगळे हसले. मृण्मयीनं हसत हसत कडी सोडली, पंखाखालून बाहेर आली, तळहातावर दही घेऊन चाटलं आणि तुझ्या पाया पडली. तुझ्या. मी तिथेच होते, लांब नव्हते.

मी चपला काढून उभी राहिले. कुणी पाया पडत असेल तर चपला काढायच्या असतात, आपल्या आईनंच शिकवलं आहे. मृण्मयी पंखाकडे परत निघाली होती. तिनं मागे वळून पाहिलं, माझे मोकळे पाय पाहिले, आणि परत आली. वाकली. मी एवढंच म्हणाले, "आठवलं का?"

त्यानंतर वारा वाढला म्हणून मुज्तबानं घाई केली. मृण्मयीनं पंख खांद्यावर उचलला, तू तारा धरल्यास, सोडल्यास, बाजूला झालीस. आणि ती पळाली.

कडी तिनं लावलीच नव्हती. पट्टा तिच्या पाठीमागे नुसता हलत होता. कडेपर्यंत गेली असती तर पंख तिला घेऊन उचलला गेला असता आणि ती फक्त हातांनी दांडीला लोंबकळत राहिली असती, हात टिकले तितका वेळ. मुज्तबानं पट्टा पाहिला. तो ओरडला नाही, बाजूच्या तारेवर सरळ झेपावला. पंख गर्रकन फिरला, मृण्मयी गुडघ्यांवर आपटली, आणि कडेच्या अलीकडे पडली. अलीकडे किती ते मी लिहिणार नाही.

तू रडायला लागलीस. ह्यांनी खाली बसून घेतलं. मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "लागलं का?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. "तुम्ही दोघी नका येऊ जोतधारला. माझं मी बघते."

"एकटीला मी न्हाई पाठवणार," मुज्तबा म्हणाला. "तारा धरायला कुणी परका मिळंल. पण तो तुझ्या तोंडाकडं बघणार न्हाई, वाऱ्याकडं बघंल. घरचं माणूस पाहिजे."

"मग यांनी ठरवावं. एकच जण या. आणि ते पाया पडणंबिडणं काही नको."

परतताना गाडीजवळ तू मला म्हणालीस ते मी विसरलेले नाही. "अक्का, बाबांची हैदराबादला बदली होती म्हणून तुला कॉन्व्हेंट मिळालं. मला तुझे जुने फ्रॉक मिळाले. एक पोरगी दोन दिवस माझ्यापुढे उभी राहिली तर तुला ते बघवत नाही." हणमंतराव तिथे होते, ड्रायव्हर होता, आणि तू हे बोललीस. माझे फ्रॉक चांगल्या कापडाचे होते.

हे जे झालं ते तुझ्या दह्यानं झालं. एवढी साधी गोष्ट आहे. जिथे कडी सोडून बाहेर यावं लागतं तिथे पाया पडायला लावायचं नसतं, हे कळायला कॉन्व्हेंटही लागत नाही.

तेव्हा ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. मी जाते.

सौदामिनी


नांदेड, ५ ऑक्टोबर २०११

मालविका,

'अक्का, तूच जा. माझ्या हातून पोरीला काही झालं असतं तर मी जगले नसते. मी सरांना सांगितलंय, मी येत नाही.' असं तू लिहिलंस, आणि त्याखाली रडायची जागा सोडलीस.

मला राग आला. तू सोडलेलं मला नको आहे. लहानपणी तू अर्धी खाल्लेली जिलबी अशीच माझ्या ताटात टाकायचीस आणि आईला सांगायचीस, मी अक्काला दिली.

तरी मी तिकिटाची चौकशी करायला स्टेशनवर गेले. रेल्वेत माझी ओळख आहे, काम झालं असतं. खिडकीपाशी माझा नंबरही आला. मग मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं आणि घरी आले. का ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगते.

परवा दुपारी मी ह्यांना बंगईच्या कड्यांना टांगलं. झोपाळ्याची फळी काढून टाकली, जुन्या सतरंजीची झोळी केली आणि त्यात ह्यांना पोटावर आडवं घातलं. मला बघायचं होतं, कडी न सोडता नमस्कार होईल का. कारण तुला मी ओळखते. हिमाचलात जाऊन तू पितरांचे दिवस संपले म्हणशील, पण दही नेणारच. आणि पोर वाकणारच, तिला तशी सवय आपणच लावली आहे. नको म्हणून सांगितलं तर दोघींच्या मनात ते कुसळासारखं राहील. त्यापेक्षा सोय केलेली बरी.

हणमंतराव म्हणाले, "नवऱ्याला टांगून राहिलीस तू. समोरचे लोक बघून राहिलेत."

"हलू नका. हात पुढे घ्या, दांडी धरल्यासारखे."

मी समोर उभी राहून बंगईचे दोर धरले, तू तारा धरतेस तसे. आणि खाली पाहिलं, तर ह्यांचं टक्कल माझ्या पावलांपासून हातभर.

"आता आशीर्वाद दे की," ते म्हणाले. "का असाच लोंबकळू चहापातूर?"

मी दोर सोडले. झोक्यासरशी ते भिंतीला जरा आपटले, पण फार नाही.

तर नीट वाच. मृण्मयी लोंबकळून बघेल तेव्हा तिचं डोकं तुझ्या पायांशी येईल. तोच नमस्कार. साष्टांग म्हण हवं तर. त्याच वेळी आशीर्वाद दे, मोठ्यानं दे, तिला ऐकू जाऊ दे. दही चमच्यानं तिच्या तोंडात घाल, तळहातावर देऊ नकोस, तिचे हात दांडीवरून निघता कामा नयेत. एकदा ती आडवी होऊन उभी राहिली की तिला पट्ट्यातून बाहेर येऊ द्यायचं नाही. चपला काढून कुणी का उभं राहीना. मग तू विचार, "कडी?" तिनं हात मागे नेऊन चाचपावं आणि "कडी" म्हणावं. नुसतं "हो" म्हणाली तर पुन्हा विचार. 'सगळं ठीक आहे ना' असं विचारू नकोस, त्याला ती झोपेतही हो म्हणते. ती 'कडी' म्हणेपर्यंत तारा सोडायच्या नाहीत. मागे बारा देश खोळंबले तरी चालतील.

त्यानंतर बडबड कर. चटणी, सून, जे काय असेल ते.

हो, तूच जायचं आहेस.

तुझ्या पत्रात मधेच तू एक प्रश्न विचारला आहेस, बहुधा मला बोचावं म्हणून नाही. 'अक्का, पळताना पोरीनं माझ्याकडे पाहिलंच नाही गं. मी समोर होते तरी. ती कुठे बघत होती?'

माझ्याकडे. मी तुझ्या उजव्या हाताला, चपला हातात घेऊन उभी होते, आणि ती पळेपर्यंत माझ्याकडे बघत होती. मी 'आठवलं का' म्हणाले तेव्हापासून तिची नजर हललीच नव्हती. पाठीमागे हात नेऊन कडी चाचपायला माणसाचं लक्ष स्वतःकडे लागतं. तिचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं, मालविका. तुला काय वाटलं, मला दिसलं नाही? मला फार बरं वाटलं होतं. तू समोर असून ती माझ्याकडे बघते आहे, याचं मला तो पट्टा हलताना दिसेपर्यंत बरं वाटत होतं.

जिच्याकडे बघताना ती स्वतःची कडी विसरते, तिनं तिच्यापुढे उभं राहू नये. तुझ्यापुढे तिचं डोकं रिकामं होतं, तर तू उभी राहा. यात तुझं कौतुक काही नाही.

मृण्मयीला मी एवढंच कळवलं आहे की माझे गुडघे दुखतात. तू वेगळं काही सांगू नकोस. स्वेटर पूर्ण झाला, तो कुरिअरनं पाठवला आहे. ढगळ होईल, पण जॅकेटच्या आत घाल. तिचं जॅकेट तिला घालू दे.

सौदामिनी


नांदेड, २३ ऑक्टोबर २०११

चि. मालविका,

फोनवर तू सगळं सांगितलंस, पण तू सांगत असताना हणमंतराव शेजारून "काय म्हणते, काय म्हणते" करत होते. म्हणून मला काय समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर कळव.

मृण्मयीचा नंबर पार खाली आला. मधल्या एका दिवशी ती वाऱ्याबरोबर दुसऱ्याच खोऱ्यात गेली, शेळ्यांच्या कळपात उतरली, आणि तिला आणायला गेलेल्या जीपला ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही. तोपर्यंत तिनं कुणाच्या तरी घरी राजमा-भात खाल्ला. याला स्पर्धा म्हणतात. मी तिला म्हटलं, पहिली आलेली मुलगी कोण? तर ती म्हणाली, "आई, ती जबरदस्त उडते, मी तिच्याबरोबर फोटो काढलाय." हेवा करणं तिला जमत नाही. कुणाकडून शिकली माहीत नाही.

पहिल्या दिवशी म्हणे ती नुसतं "हो" म्हणाली, तू पुन्हा "कडी?" विचारलंस, ती वैतागून "हो गं माई" म्हणाली, आणि तू तारा सोडेनास. मागे एक इटालियन हात वर करकरून बोलत होता. तू त्याच्याकडे न बघता, "थांब रे बाबा, तुझी आई कुठंय?" म्हणालीस आणि तो गप्प बसला. मग मृण्मयीनं हात मागे नेला आणि कडी म्हणाली. रोज म्हणाली. शेवटच्या दिवशी तू विचारायच्या आधी म्हणाली. हे तू तीनदा सांगितलंस, मी तिन्ही वेळा ऐकून घेतलं. चौथ्यांदा सांगितलंस तरी ऐकेन.

इथवर ठीक. पण फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. शेवटच्या दिवशी मृण्मयी तुझ्या पायांशी आडवी लोंबकळत असताना खालूनच म्हणाली, "माई, यातला अर्धा आईचा."

माझी मुलगी असं बोलत नाही. तिला नमस्काराचे भाग करायची सवय नाही, आणि पळण्याआधी ती असलं काही बोलेल हे संभवत नाही. हे वाक्य तुझं वाटतं. तुला लोकांची मनं राखायला आवडतं आणि त्यासाठी तू कुणाच्याही तोंडी काहीही घालतेस. पण तू हे सांगताना रडत नव्हतीस, आणि तू रडत नसलीस की मला तुझा अंदाज येत नाही.

काल मृण्मयीचा फोन आला, बराच वेळ बोलली. उतारावरची देवदाराची झाडं, ढगाच्या खाली गेल्यावर येणारा वास, गुडघ्याची खपली, सगळं सांगितलं. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "विचार की. खरं हाय का न्हाई ते कळंल."

मी तिला विचारलं, वर थंडी होती का.

होती म्हणाली.

अक्का